पुष्टाईच्या पोटातला नवाब

त्या दिवशी टेकडीवर एका करडाची मिरवणूक निघाली होती. हसू नका, खरोखर निघाली होती. कपाळावर मळवट, गळ्यात झेंडूची माळ, पुढे हलग्या कडाडताहेत, मागे बोरपळ्ळीचं निम्मं गाव आणि हळ्ळीखेडच्या बाजाराला म्हणून निघून वाटेतच भुललेली माणसं. करडू अंकुशरावांच्या खांद्यावर बसलं होतं आणि बसल्या बसल्या गळ्यातली माळ निवांत खात होतं.

"अब्बब्ब! ह्याला करडू म्हनायचं का रेडकू?"

"मागला पुठ्ठा बघ की रे. दोन हातांत मावंना."

"म्हैन्यामागं तर जनमलंय म्हनं."

"पुष्टाईचं भस्म! दुसरं काय!"

गर्दीच्या पार मागे, बाभळीच्या बुंध्याला टेकून राजूबाई उभी होती. अंकुशराव तिचे थोरले दीर, आणि त्यांच्या शेजारी नवं लुगडं नेसून, मान ताठ करून चाललेली सत्यभामाबाई तिची थोरली जाऊ. एकाच अंगणात मध्ये भिंत घालून दोन घरं झाली होती. दोन्ही घरांत शेळ्या सारख्या, काळ्याभोर, एकाच आईच्या लेकी. पण भिंतीच्या पलीकडे ढोलासारखी करडं जन्मत होती आणि अलीकडे काटक्यांसारखी. राजूबाई त्या करडाकडे बघत होती आणि तिच्या पोटात चूल पेटल्यासारखं होत होतं. लुगडं सत्यभामाबाईचं, मान सत्यभामाबाईचा, करडूही सत्यभामाबाईचंच! देवानं आपल्या वाटणीला नुसतं बघणं ठेवलंय का?

मठाच्या ओट्यावर पुष्टीनाथबुवा बसले होते. निजामावरच्या पोलीस ॲक्शनची धूळ खाली बसत होती त्या दिवसांत हा माणूस कुठून तरी येऊन टेकडीवरच्या पडक्या गढीत राहिला. तांबड्या दगडाची उंच भिंत त्यानं लिंपून घेतली, दाराला शेंदूर फासला आणि पुष्टाई नावाची एक देवी स्थापली. त्याआधी हे नाव आमच्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं. मठाच्या चारी कोपऱ्यांत उदाची मडकी अष्टौप्रहर धुमसत. इतका ऊद जळे की टेकडी चढणारा माणूस खोकतच देवीचं नाव घेई.

"लेकरांनो," बुवांनी सूर लावला, "चारा कोन देतं?"

"आमी!"

"पानी?"

"आमीच!"

"गवत हिरवं असतं का लाल?"

"हिरवं!"

"आन मांस?"

"लाल!"

"मग हिरव्याचं लाल कोन करतं? तुमचा बा करतो का? पुष्टाई करती! बोला पुष्टाई माता की..."

"जय!"

हलग्या घुमल्या. या कोड्यापुढे भल्याभल्यांची मती गुंग व्हायची. गवताचं लाल मांस गावातल्या प्रत्येक शेळीच्या अंगावर रोज होत होतं, बुवा यायच्या आधीही होत होतं, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

बुवांचे नेम दोन. पहिला असा की शेळी माजावर आली की आधी तिला घरच्या बोकडाला दाखवायची आणि मग उशीर न करता, हलगी वाजवत, मठात आणून सोडायची. आत तिला भस्म लावायचं. तिचं शेपूट हलायचं थांबलं की देवीनं बोलणं ऐकलं असं समजून घरी न्यायची. दुसरा नेम याहून जुना, बुवांनी फक्त आपल्या नावावर करून घेतलेला. घरातला सगळ्यात भरलेला बोकड देवीला द्यायचा. आमच्याकडे आजा-पणजापासून जत्रेला तोच जातो. देवाला कमी प्रतीचं द्यायचं नाही, ही भावना चांगलीच आहे. फरक एवढाच, की बुवांची देवी सुरी चालवू देत नसे. बोकड शेंदरी दारातून आत ढकलायचा, दार लावायचं, आणि तो 'देवीनं पोटात घेतला' असं म्हणायचं. पुन्हा तो कुणाला दिसत नसे.

आणि निपजलेलं भरदार करडू मोठं झालं की जोडीतलं एक मठाला. तेही पोटातच.

माळ खाऊन संपली तेव्हा अंकुशरावांनी पिशवीतून दुसरं करडू काढलं. त्याच शेळीचं, त्याच वेतातलं, याचं जुळं. पण बघवत नव्हतं. पाय काडीसारखे, पाठीचा कणा बाहेर, पुठ्ठ्याच्या जागी नुसतं कातडं.

"बुवा, एका पोटचे दोघं. एक असं, एक तसं. आमचं काय चुकलं?"

बुवांनी डोळे मिटले. उघडले ते थेट बाभळीकडे.

"देवीनं दोघांना सारखंच दिलं होतं. ह्याचं मांस कुनीतरी डोळ्यांनी खाल्लं. लांबच्याचा डोळा न्हाई हा. भिंतीपल्याडचा हाय."

माना एकामागून एक वळल्या. राजूबाईला पदर सावरायचंही सुचलं नाही.

"म्या काय केलंय?" तिनं बुंध्यापासूनच विचारलं.

"बघत न्हाईस का तू?" सत्यभामाबाई कडाडली. "रोज सकाळी भिंतीवरनं मान काढून माझी करडं बघायलीस. खोटं म्हन की, राजू!"

राजूबाईला खोटं म्हणता आलं नाही. बघत होतीच की ती.

निवाडा तिथल्या तिथे झाला. पुष्टाईच्या जत्रेच्या दिवशी राजूबाईनं तोंडात लिंबाचा पाला धरून देवीपुढे कबुली द्यायची, आणि तिथूनच वेशीबाहेर, माहेरी, कायमचं. तिचा नवरा राघोबा गर्दीत होता. त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि होकाराची मान हलवली.

त्यानंतरचे दिवस राजूबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. विहिरीवर ती गेली की बाया घागर अर्धी सोडून बाजूला होत, तान्ह्यांची तोंडं पदराखाली जात. त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात एक हरिदास आले. सांजचं कीर्तन लागलं. राजूबाईला कीर्तनाचं भारी वेड, टाळ ऐकला की तिचं काळीज आपोआप हलकं व्हायचं. ती खांबाआड जाऊन बसली. हरिदासांनी षड्रिपूंचं निरूपण धरलं, काम झाला, क्रोध झाला, आणि मत्सरावर आले तेव्हा त्यांनी किती गोड पद म्हटलं म्हणून सांगू! पण राजूबाईच्या कानांत ते शिसं ओतल्यासारखं गेलं. घरी येताना ती मनाशी म्हणाली, खरंच आहे. माझाच डोळा पापी. माझ्या जळण्यानंच ते लेकरू वाळलं.

मंडळी, फसवणाऱ्याची खरी करामत इथं असते. ज्याला तो फसवतो तो स्वतःच त्याच्या वतीनं साक्ष देऊ लागतो.

जत्रेला थोडे दिवस राहिले असताना हुमनाबादेहून गुरांचे डॉक्टर आले, बुळकांडीच्या साथीची लस टोचायला. मडिवाळप्पा त्यांचं नाव. गळ्यात लिंग, कपाळी विभूती, बोलायला मोकळे. राघोबाच्या बैलांना सुई टोचून ते पडवीत हात धूत होते. राजूबाई पाणी ओतत होती. ओतता ओतता तिनं खाली मानेनंच विचारलं,

"डाक्टरअप्पा, नजरेनं करडाचं मांस उतरतं का?"

"कुनाच्या नजरेनं?"

"माझ्या."

डॉक्टर हसणार होते, पण तिचा चेहरा बघून हसले नाहीत. ओल्या हातांनीच दगडावर बसले. "अक्का, मी जन्मात मांसाला शिवलो न्हाई. आमच्या घरी कांदा चिरताना बी आई तोंड फिरवायची. पन मांसाचं शास्तर शिकून बसलोय, त्याला काय करनार! ऐक. मांस म्हंजे सुताच्या जुड्या. एका जुडीत धागे किती, ते बहुतेक आईच्या पोटातच ठरून जातं. बाहेर आल्यावर चारा घाल, पेंड घाल, धागे जाड व्हतील, नवे येनार न्हाईत. आन धागे किती असावेत ह्याचं बी निम्मं आईकडनं येतं, निम्मं बापाकडनं. तुझा डोळा तिथं पोचायचा कसा?"

"मग एका पोटचे दोघं दोन तऱ्हेचे कामून?"

"बघितलेस का तू ते? नीट?"

नीट! त्या एका प्रश्नानं राजूबाईचा बांध फुटला. एवढ्या वर्षांत कुणी तिला सत्यभामाबाईच्या करडांविषयी सांग म्हटलं नव्हतं. ती सांगू लागली. पलीकडच्या घरात मागच्या वेताला कोणती करडं झाली, कुणाचे कान केवढे, कोण आधी उभं राहिलं, कोण कुणाचं दूध हिसकून प्यालं. जळणाऱ्या माणसाइतकं बारीक कोण बघतं? "आताशी जाड निपजलेल्या सगळ्यांच्या गळ्याखाली मांसाची दोन बोंडं लोंबत्यात, डाक्टरअप्पा. वाळक्यांना एकालाबी न्हाईत. बोंडं मला फार दिसत्यात. माझ्या नवाबाला तशीच होती."

डॉक्टर पुढे सरकले. "नवाब कोन?"

"माझा बोकड. पाठीवर पाट मांडावा असा. आई मेली त्याची, म्या बोटानं दूध पाजून वाढवला. सत्यभामाअक्काची करडं बघवंनात म्हनून बुवाला देऊन टाकला. म्हनलं, देवी मलाबी तसंच दील."

"गावात बोंडंवाला दुसरा बोकड?"

"एकबी न्हाई."

"आन नवाबाचं काय झालं?"

"देवीनं पोटात घेतला."

"देवीच्या पोटात गेला," डॉक्टर सावकाश म्हणाले, "मग त्याची बोंडं तुझ्या जाऊच्या करडांच्या गळ्यात कशी उगवली?"

राजूबाईच्या हातातला तांब्या खाली आला. तिनं मठाच्या टेकडीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "म्हनून तो येवढा ऊद जाळायलाय! बोकडाचा वास मारायला!" आणि थोड्या वेळानं, "आन हलगी..."

जत्रेचा दिवस उजाडला. टेकडी माणसांनी काळी झाली. राजूबाई आली तीच मुळी शेळी घेऊन, आणि शेळी माजावर आलेली, शेपूट हलवत, गळा काढून ओरडणारी. लोकांना वाटलं, जाता जाता बाई शेवटची सेवा करतेय. तोंडात लिंबाचा पाला होता. लसीच्या कामासाठी थांबलेले डॉक्टर ओट्याच्या कडेला उभे होते.

"बाई," बुवा म्हणाले, "देवीपुढं खरं बोल. बघितलंस का न्हाई जाऊच्या करडांकडं?"

राजूबाईनं पाला थुंकून टाकला.

"बघितलं. रोज बघितलं. जळून जळून बघितलं. माझं वाटोळं झालं तरी चालंल, पन हिचं येक करडू मरावं, असं बी मनात आलं. ते माझं पाप हाय, त्याची झाडाझडती माझा मारुतीराया घील. पन बघितलं म्हनूनच सांगते. अक्का, तुझ्या जाड करडाच्या गळ्याखाली हात घाल."

सत्यभामाबाईचा हात नकळत करडाच्या गळ्याखाली गेला.

"हायेत का दोन बोंडं? तुझ्या घरच्या बोकडाला हायेत का? त्या वाळक्याला हायेत का? कुनाला व्हती गावात, सांग!"

सत्यभामाबाई काहीही असली तरी शेळ्यांत जन्म गेलेली बाई. तिच्या कपाळावर आठी चढली. "नवाबाला व्हती," ती हळू म्हणाली.

"वाजवा रे!" बुवा ओरडले. हलग्या तडाडल्या.

"घडीभर थांबवा की," डॉक्टर म्हणाले. "बाईचं म्हननं देवीला ऐकू तर येऊ द्या."

"हलगी थांबली तर देवी कोपंल!"

हलगीवाले बुवांकडे बघत राहिले, हात चालूच. तेव्हा सत्यभामाबाई पुढे झाली आणि तिनं सरळ हलगीच्या कातड्यावर आपला पंजा ठेवला. "कोपू दे. माझ्यावर कोपू दे. थांब म्हनते ना!"

टेकडीवर शांत झालं. आणि त्या शांततेत राजूबाईची शेळी जीव तोडून ओरडली.

भिंतीपलीकडून उत्तर आलं. एक, दोन, मग दहाजण मिळून बडबडावेत तसा भसाडा, हावरा, ओळखीचा आवाज. माजलेल्या बोकडाचा तो आवाज शेळ्या पाळणाऱ्या गावाला कोण शिकवणार! बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

राजूबाई भिंतीजवळ गेली. "नवाब! ये बा, ये ये ये. कुठं हाईस माझ्या राजा?"

आत खूर वाजले, दगड निखळला, कशाची तरी रास ढासळली. आणि तांबड्या भिंतीवर, उदाच्या धुरात, एक काळा प्रचंड बोकड येऊन उभा राहिला. गळ्याखाली दोन बोंडं, पाठ पाटासारखी. त्यानं गावाकडे पाहिलं, शेळीकडे पाहिलं, आणि उडी मारली.

"देवीनं परत दिला!" बुवा हात वर करून ओरडले. "चमत्कार! बोला पुष्टाई माता की..."

"मग माझाबी दिलाय का बघून येतो," कुणी तरी म्हणालं, आणि शेंदरी दारावर खांदे पडले. आत देवी नव्हतीच. दावणी होत्या, कडब्याच्या पेंढ्या, लेंड्यांचे ढीग, आणि गावानं आजवर देवीच्या पोटात घातलेले सगळे भरदार बोकड. जो तो आपला ओळखून कान धरून बाहेर काढत होता. "अरे, हा तर माझा शिंग्या!" या धांदलीत पुष्टीनाथबुवा मागच्या खिंडारातून तेलंगणाच्या बाजूला उतरले. धावताना ते अजिबात खोकत नव्हते.

डॉक्टरांनी मग दोन्ही जुळी करडं मांडीवर घेतली आणि उलगडून सांगितलं. शेळीच्या पोटात एकाच माजात दोन बिया तयार असतात. घरच्या मरतुकड्या बोकडानं एक फळवली, मठातल्या नवाबानं दुसरी. एका आईची, एकाच वेळची, पण दोन बापांची लेकरं. म्हणून बुवांच्या नेमात आधी घरचा बोकड, म्हणजे कुणाला संशय नको. राजूबाईच्या घरी गुण आला नाही, कारण राघोबाला सवड होऊन शेळी मठात पोचेपर्यंत तिचा माज उतरलेला असायचा.

"तरी बुवा म्हनायचा तुमची श्रद्धा थंड हाय," राघोबा पुटपुटला. त्याच्याकडे राजूबाईनं असं बघितलं की तो पुढं बोलला नाही.

"पन अप्पा," अंकुशराव म्हणाले, "त्या करडांचं मटन लोन्यावानी मऊ लागतं. ते तरी भस्मानं?"

"मी चाखलं न्हाई, खाटकांनी सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. "काही मांस दोरीवानी, काही मऊ, हे बी घराण्यातनं उतरतं. थोडं वयावर असतं, आन थोडं कापायच्या आधी जनावर किती भ्यालंय त्यावर. भस्माचा त्याच्यात चिमूटभर वाटा न्हाई. आन तुमच्या शेळ्या वर्साला वाळत कामून चालल्या, सांगू? नजरेनं न्हाई. जो बोकड सगळ्यात भरलेला, तो तुमी आधी देऊन टाकता. देवीला नको झालेला, बाजारात न खपलेला, तो पैदाशीला घरी ठेवता. दर पिढीला निवडून निवडून वाळकं बी पेरलंत तुमी. त्या बुवानं येवढंच केलं, तुमचं चांगलं बी कोंडून ठेवलं आन तुमालाच परत विकलं."

ज्यानं त्यानं हातातला बोकडाचा कान आणखी घट्ट धरला. राजूबाईला वेशीबाहेर काढायची गोष्टही मग कुणी काढली नाही. माफी मात्र मागितली नाही कुणी. गाव असंच असतं.

पावसाळा सरला. एके सकाळी सत्यभामाबाई शेळी ओढत राजूबाईच्या दारात आली. शेळी शेपूट हलवत होती. आत नवाबानं दावं ताणलं.

राजूबाई जोंधळे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. नवाब आता तिचा होता, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे असं काही होतं की जे सत्यभामाबाईला हवं होतं. तो सगळा जुना निखारा तिच्या पोटात एकदा फुलून उठला. नाही म्हटलं तर? भिंतीच्या पलीकडे वाळकीच जन्मतील. आपल्याकडे ढोलासारखी. मग मिरवणूक कुणाची?

"दारात कामून उभी राहिलीस?" ती शेवटी म्हणाली. "आत आन की. का हलगी लावू?"

"लई जीभ चालायली तुझी," सत्यभामाबाई म्हणाली आणि शेळी आत घेतली. मग दोघी ओट्यावर बसल्या. जरा वेळानं थोरलीनं विचारलं, "राजू, खरं सांग. माझं करडू मरावं असं वाटलं व्हतं तुला?"

"व्हय."

"मलाबी तुझा नवाब लहान व्हता तवा तसंच वाटायचं," सत्यभामाबाई म्हणाली, आणि सुपातले जोंधळे ओढून खडे वेचू लागली.

वाचकहो, मत्सर हा रोग खरा आहे. संत त्याच्याविषयी सांगून थकले, आणि आपण ऐकून थकलो. पण त्यानं वाळतो तो ज्याच्या मनात असतो तो माणूस. दुसऱ्याचं करडू वाळत नाही, दुसऱ्याचं लेकरू आजारी पडत नाही. मनातल्या मत्सरासाठी भजन आहे, कीर्तन आहे, देवापुढे गाळलेले अश्रू आहेत. वाळक्या करडासाठी चांगला बोकड आहे, वेळेवर चारा आहे, गुरांचा डॉक्टर आहे. ज्याचं औषध त्याला द्यावं. उद्या तुमच्या गावात कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून म्हणेल, हिच्या डोळ्यानं झालं, तर त्या बाईला वेशीकडे नेऊ नका. आधी त्या माणसाच्या भिंतीपलीकडे काय आहे, ते जाऊन बघा.